स्पॅम फिल्टर आणि सपोर्टवाला बॉट, दोघंही अंदाजच मारतात

फोंडा-म्हापसा भागात दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, गेस्ट हाऊसवाल्यांच्या वेबसाइटी सांभाळायच्या, असा माझा धंदा, त्यामुळे दोन प्रश्न सतत कानावर येतात. एक जुना, "आमचं बुकिंग कन्फर्मेशन गिऱ्हाईकाच्या स्पॅममध्ये जाऊन का बसतं हो?" आणि दुसरा अलीकडचा, "एआयला विचारलं, त्याने सांगितलं तस्सं केलं, तरी होत नाही." विचारणाऱ्याला हे दोन वेगळे विषय वाटतात, पण दोन्हीकडे आत काम एकच चालू असतं, आधी जे पाहिलंय त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा. स्पॅम, म्हणजे न मागता घाऊक पाठवलेले मेल, बाजूला काढणारा फिल्टर निदान आपला अंदाज चुकेल हे धरून चालतो, म्हणून तर तो मेल फेकून न देता वेगळ्या फोल्डरात ठेवतो आणि तुम्ही जाऊन बघू शकता. बॉटच्या, म्हणजे प्रश्नांना उत्तरं लिहून देणाऱ्या एआयच्या, उत्तराला असला फोल्डर नाही, बरोबर आणि चूक एकाच सुरात, एकाच परिच्छेदात येतं, आणि सगळी भानगड तिथून सुरू होते.

आधी फिल्टरचं बघू, कारण ते कळलं की बॉट अर्धा कळतो.

स्पॅम काही आजचं नाही. 3 मे 1978 ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या, चारेकशे लोकांना कंपनीच्या नव्या कॉम्प्युटरच्या डेमोचं आमंत्रण एका झटक्यात पाठवलं, लोक जाम भडकले, पण त्यातून विक्रीही झाली असं त्याचं म्हणणं. तेच तर दुखणं आहे, हजारातला एक जरी गळाला लागला तरी पाठवणाऱ्याचा खर्च निघतो.

सुरुवातीचे फिल्टर म्हणजे काळी यादी, अमुक शब्द दिसला की मेल बाद. मग 2001 च्या आसपास स्पॅमअसॅसिन आला, त्याने मार्क द्यायची पद्धत लोकप्रिय केली, म्हणजे सगळा विषय मोठ्या अक्षरात असेल तर थोडे मार्क, संशयास्पद लिंक असेल तर थोडे आणखी, असं करत बेरीज 5 च्या वर गेली की स्पॅम, आणि हा 5 चा आकडा आजही त्याचा ठरलेला डिफॉल्ट आहे. 2002 मध्ये पॉल ग्रॅहम नावाच्या प्रोग्रामरने एक लेख लिहून सांगितलं की हे मार्क माणसाने बसून ठरवायची गरजच नाही, आलेल्या मेलांवरूनच ते काढता येतात, आणि त्यासाठी वापरलं थॉमस बेज या इंग्रज पाद्र्याचं गणित, जे पाद्री वारल्यावर 1763 मध्ये छापलं गेलं होतं.

गणित भारी वाटतं पण आहे साधं. मानूया तुमच्याकडे 1000 मेल आहेत, 400 स्पॅम आणि 600 चांगले. 'कॅसिनो' हा शब्द स्पॅमपैकी 80 मेलांत सापडला आणि चांगल्यांपैकी फक्त 6 मेलांत. म्हणजे कॅसिनोवाले एकूण मेल 86, त्यातले 80 स्पॅम, तर उद्या कॅसिनो शब्द असलेला नवा मेल आला की तो स्पॅम असण्याची शक्यता 93 टक्के. नाशिकच्या एखाद्या शाळामास्तरांसाठी हे एकदम बरोबर आहे. पण पणजीत मांडवीच्या काठावर ज्याचं ऑफिस आहे त्याचं काय? त्याला कॅसिनोत नोकरी करणारा भाडेकरू लिहितो, कॅसिनोच्या गर्दीमुळे पार्किंग मिळत नाही म्हणून सोसायटीवाले लिहितात, कॅसिनोला भाजी पुरवणारा बिल पाठवतो. त्याच्या 600 चांगल्या मेलांपैकी 120 मध्ये हा शब्द असेल तर हिशोब 200 पैकी 80, म्हणजे 40 टक्के, आणि एकूण मेलांतही स्पॅम 40 टक्केच आहे, म्हणजे आता तोच शब्द कुठल्याच बाजूला झुकत नाही. शब्द तोच, माणूस बदलला की मार्क बदलले. म्हणूनच 'नॉट स्पॅम' हे बटण दाबणं फुकट जात नाही, तुम्ही फिल्टरला तुमचा गाव शिकवत असता. लोक मेल उघडतात, वाचतात आणि तिथेच स्पॅममध्ये सोडून देतात आणि मग महिनाभर माझ्या नावाने ओरडतात.

एका शब्दावर अर्थात निकाल लागत नाही. मेलातल्या बऱ्याच शब्दांचे असे आकडे काढून एकत्र गुणतात, आणि गुणताना प्रत्येक शब्द दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं गृहीत धरतात, जे खरं तर साफ खोटं आहे, 'बँक' आणि 'खातं' हातात हात घालूनच येतात. तरी चालतं. मला या विषयातली ही सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते, चुकीच्या गृहीतकावर उभं राहून वर्षानुवर्षं ठीकठाक काम करणारं यंत्र.

स्पॅमवाले पण गप्प बसले नाहीत. मेलाच्या खाली पांढऱ्या अक्षरात कुठल्याशा कादंबरीचे उतारे चिकटवायचे म्हणजे चांगल्या शब्दांचं पारडं जड होतं, अक्षराच्या जागी तसाच दिसणारा आकडा टाकायचा, सगळा मजकूर फोटोत घालायचा. त्यामुळे आता फिल्टर मजकुराइतकंच, किंबहुना जास्त, पाठवणाऱ्याकडे बघतो, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

गेस्ट हाऊसच्या वेबसाइटवरून बुकिंगचा मेल जातो तेव्हा 'कोणाकडून' या रकान्यात मालकाचा जीमेलचा पत्ता घातलेला असतो, पण मेल प्रत्यक्षात निघतो स्वस्तातल्या होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइट जिथे भाड्याने ठेवलीय त्या कंपनीच्या, सर्व्हरवरून. समोरच्या फिल्टरला दिसतं की हा म्हणतो मी जीमेलचा, आलाय मात्र भलत्याच दारातून. अशी नक्कल पकडायला तीन गोष्टी आहेत. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, नोंदीत लिहिलेली यादी, माझ्या नावाने फक्त या-या सर्व्हरवरून मेल येतील. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलावर मारलेली डिजिटल सही. आणि डीमार्क म्हणजे यातलं एकही जुळलं नाही तर मेलाचं काय करायचं याची तुम्हीच देऊन ठेवलेली सूचना. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने हे कडक केलंय, जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही सक्तीचं, आणि स्पॅम म्हणून तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायच्या. आपला कळंगुटचा गेस्ट हाऊसवाला 5000 कुठे पाठवतोय, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी त्यालाही लागतंच. वर स्वस्त होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावर शेकडो साइटी असतात, शेजारच्याने स्पॅम पाठवला की नाव तुमचंही खराब. उपाय एकदाच करायचा असतो, स्वतःच्या डोमेनचा मेल घ्या, या तीन नोंदी घाला, वेबसाइटचे मेल त्यातूनच पाठवा.

वेबसाइटवरच्या फॉर्मात आणि चर्चांत येणारा कचरा जरा वेगळा. तिथे स्पॅमवाल्याला तुम्हाला काही विकायचं नसतं, त्याला तुमच्या पानावर आपली लिंक हवी असते, म्हणजे सर्च इंजिनात त्याची साइट वर चढेल. 2005 मध्ये गुगलने नोफॉलो नावाची खूण आणली, अशा लिंकला वजन द्यायचं नाही म्हणून, पण लिंका टाकणारे आजही टाकतातच. यावर मला आवडलेली युक्ती म्हणजे फॉर्मात एक लपवलेला रकाना ठेवायचा, माणसाला तो दिसत नाही म्हणून रिकामा राहतो, प्रोग्राम मात्र दिसेल ते भरत सुटतो आणि पकडला जातो. दुसरं म्हणजे फॉर्म उघडल्यापासून दोन सेकंदांत भरून आला तर तो माणूस नव्हे. पूर्वी एक गावठी उपायही छान चालायचा, रजिस्टर करताना 'फर्मागुढी कोणत्या तालुक्यात?' असा प्रश्न टाकायचा, परदेशातला बॉट तिथेच अडकायचा. आता कुठलाही चॅटबॉट 'फोंडा' म्हणून क्षणात सांगतो, तो उपाय संपला.

आणि इथून दोन्ही विषय एकमेकांत शिरतात. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 ला आलं, आणि आठवडाही झाला नव्हता तोवर स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने त्यातून काढलेली उत्तरं टाकायला बंदी केली. कारण त्यांनी सरळ सांगितलं, उत्तरं दिसायला झकास पण वारंवार चुकीची, आणि तयार करायला इतकी सोपी की तपासणारे स्वयंसेवक पुरे पडेनात. जुना स्पॅम व्याकरणाच्या चुकांनी ओळखू यायचा, एकच मजकूर लाखो ठिकाणी यायचा. हा नवा माल शुद्ध भाषेत, प्रत्येक वेळी वेगळा, आणि विषयाला धरून. शब्दांचे मार्क काढणाऱ्या फिल्टरला यात धरायला काहीच सापडत नाही.

आता बॉट. तो काय करतो, तर आतापर्यंतचा मजकूर बघून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त याचा अंदाज बांधतो, तो तुकडा जोडतो, पुन्हा अंदाज, असं करत उत्तर तयार. फिल्टरचा प्रश्न हो की नाही एवढाच, बॉटचा प्रश्न हजारो पर्यायांतला पुढचा कोणता. आधी वाचून घेतलेल्या मजकुराचा सराव अफाट असल्यामुळे उत्तर बहुतेक वेळा बरोबरही येतं, हे मान्य करायलाच पाहिजे, एरर मेसेजचा अर्थ सांगणं, एक्सेलचा फॉर्म्युला लिहून देणं, प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदींच्या लांबलचक लॉगमधून नेमकी ओळ काढणं, यात तो माझा पुष्कळ वेळ वाचवतो. पण आपल्याकडे जत्रेतल्या नाटकात मुरलेला नट वाक्य विसरला तर थांबत नाही, त्याच चालीत, त्याच आवेशात स्वतःचं वाक्य घालून पुढे जातो आणि समोरच्यांना पत्ताही लागत नाही, तसं बॉटचं होतं. माहिती नसेल तिथे तो अडखळत नाही, जुळेल असं काहीतरी घालतो. सेटिंग्जमध्ये नसलेला मेनू, कधीच नसलेलं बटण.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे जास्त होतं कारण एकाच प्रोग्रामच्या दहा आवृत्त्यांची माहिती त्याच्या सरावात एकत्र कालवलेली असते. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचंच घ्या. ईआरपी 9 या जुन्या आवृत्तीत नवी कंपनी उघडायला ऑल्ट आणि एफ3 दाबायचं, 2020 च्या शेवटी टॅलीप्राइम आलं त्यात ऑल्ट आणि के. बॉटला आवृत्ती सांगितली नाही की पहिली पायरी जुन्यातली आणि दुसरी नव्यातली असली खिचडी येऊ शकते, आणि अकाउंट्सवाली बाय बिचारी तासभर मेनू शोधत बसते. दुसरं म्हणजे त्याचं वाचन एका तारखेला थांबलेलं असतं. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे मुख्य दर 5 आणि 18 टक्के झाले, काही मोजक्या वस्तूंना 40, पण ज्याचा सराव त्याआधी संपला आणि जो नेटवर शोधून बघत नाही तो बॉट 12 आणि 28 चे दर बिलात घालायला आरामात सांगेल. विंडोज 10 चंही तसंच, मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला, हे न वाचलेला बॉट तुम्हाला अपडेटची वाट बघायला लावेल.

मग कंपन्यांनी आपापल्या सपोर्टला जे बॉट बसवलेत ते बरे का? थोडे बरे, कारण बरेचदा ते आधी कंपनीच्या कागदपत्रांत शोधतात आणि सापडलेला भाग समोर ठेवून उत्तर लिहितात. पण लिहिणारा शेवटी तोच अंदाजवाला. एप्रिल 2025 मध्ये कर्सर या कोडिंगच्या सॉफ्टवेअरवर लोक दुसऱ्या मशीनवर गेले की आपोआप लॉगआउट व्हायला लागले, त्यांनी सपोर्टला लिहिलं, तर 'सॅम' नावाने उत्तर आलं की एका सबस्क्रिप्शनवर एकच मशीन, आमची पॉलिसीच तशी आहे. अशी पॉलिसी नव्हतीच, सॅम हा बॉट होता, आणि लोक वैतागून सबस्क्रिप्शन रद्द करेपर्यंत गोष्ट गेली, शेवटी कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. त्याआधी फेब्रुवारी 2024 मध्ये एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला म्हणून तिथल्या लवादाने कंपनीला भरपाई द्यायला लावली, आणि कंपनीचा बचाव काय, तर बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे! लवादाने ते अर्थातच उडवून लावलं.

माझ्या मते खरी भीती मात्र याहून वेगळ्या जागी आहे. स्पॅमवाले आता प्रश्नोत्तरांच्या साइटींवर, रिव्ह्यूंत, कुठल्याही उघड्या पानावर खोटे कस्टमर केअर नंबर पेरून ठेवतात. सर्च इंजिन ते वाचतं, नेटवर शोधणारा बॉटही ते वाचतो, आणि तुम्ही 'अमुक प्रिंटरचा हेल्पलाइन नंबर दे' म्हटलं की तो स्वच्छ भाषेत तुमच्या हातात ठेवू शकतो. 2025 मध्ये एआयच्या उत्तरांतून असे खोटे नंबर मिळाल्याच्या बातम्याही आल्या. म्हणजे जो कचरा वरच्या गाळणीतून सुटला तो खाली सल्ला बनून येतो. फोन केला की समोरचा स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगतो, आणि पुढे बँक खातं. म्हणून नंबर बॉटकडून घेऊच नका, मशीनच्या खोक्यावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा घ्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी याचीच दुसरी तऱ्हा आहे. बॉट कधीकधी अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडचं, नाव सुचवतो, आणि तेच खोटं नाव अनेकांना पुन्हा पुन्हा सुचवलं जातं हे बघून कोणीतरी त्या नावाने खरंच एक पॅकेज बनवून ठेवू शकतो, आत व्हायरस. इन्स्टॉल करण्याआधी ते पॅकेज कोणी बनवलंय, कधीपासून आहे, हे दोन मिनिटं बघा.

आणि बॉटला काय द्यायचं यावरही भान ठेवा. परदेशी पाहुणा उतरला की गेस्ट हाऊसवाल्याने 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते, त्यामुळे त्याच्या मशीनमध्ये पासपोर्टच्या प्रती भरलेल्या असतात. एक्सेल अडलं म्हणून तीच फाइल उचलून चॅटमध्ये टाकणारे महाभाग मी पाहिलेत. प्रश्न फॉर्म्युल्याचा होता हो, चार खोट्या नावांच्या ओळी टाकल्या असत्या तरी भागलं असतं. वैयक्तिक माहिती जपायचा 2023 चा कायदा आहे, आणि तो नसता तरी पाहुण्याचा पासपोर्ट असा फिरवायचा नसतो. पासवर्ड, ओटीपी, आधार हे तर बोलायलाच नको.

तर बॉटला मार्क द्यायचे कसे, कारण तो स्वतःहून देत नाही? 'तुला नक्की खात्री आहे का' असं विचारून उपयोग फारसा नाही, तुम्ही संशय दाखवलात की तो बरोबर उत्तरही फिरवू शकतो, माफी मागून नवं काहीतरी देतो. मी करतो ते असं, तोच प्रश्न नव्या चॅटमध्ये पुन्हा टाकतो, शक्य असेल तर दुसऱ्या कंपनीच्या बॉटलाही, आणि उत्तरं शेजारी ठेवतो. जिथे सगळे एकच बोलतात तो भाग बहुतेक ठीक असतो, बहुतेकच हं, कारण सगळ्यांनी एकच चुकीचं पान वाचलेलं असू शकतं. जिथे मेनूचं नाव दर वेळी बदलतं तिथे तो मनाचं घालतोय हे नक्की. नवी चॅट यासाठी की जुन्या चॅटमध्ये त्याचं आधीचं चुकीचं उत्तरही पुढच्या अंदाजात धरलं जातं, एकदा वाट चुकली की तो त्याच वाटेने चालत राहतो. आणि फाइल डिलीट करणारी, डिस्क फॉरमॅट करणारी, विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची रजिस्ट्री बदलणारी कोणतीही पायरी असेल तर आधी बॅकअप, आणि तो पेनड्राइव्ह मशीनमधून काढून बाजूला ठेवलेला, पावसात लाइट ये-जा करत असताना तर दुप्पट.

विचारायचं मराठीत की इंग्रजीत, हेही लोक विचारतात. मराठीत बिनधास्त विचारा, कळतं त्याला, आपण अर्धं कोकणी घुसवलं तरी बऱ्यापैकी सांभाळून घेतो, पण सॉफ्टवेअरबद्दलचं त्याचं वाचन मुख्यतः इंग्रजीतलं, त्यामुळे एरर मेसेज जसा स्क्रीनवर दिसतो तसाच्या तसा कॉपी करून टाका, स्वतःच्या शब्दांत सांगू नका. मेनूची नावं भाषांतर न करता इंग्रजीतच द्यायला सांगा, नाहीतर तो छान मराठी नावं तयार करतो आणि ती तुमच्या स्क्रीनवर कुठेच नसतात. सोबत सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोज कोणतं, आणि काल चालत होतं तर काल आणि आज यांच्यामध्ये काय बदललं. हे शेवटचं सगळ्यात कामाचं आहे, मलाही फोन कराल तेव्हा मी पहिलं तेच विचारणार.